चौकटीमागे काय आहे ते आधी पाहा

या वेळच्या पत्रांत अमेरिकेतल्या जुन्या जलरंग व्यक्तिचित्रांबद्दल इतके प्रश्न आले, की बाकीचे विषय पुढच्या अंकावर टाकले. पत्रे वेगवेगळ्या राज्यांतल्या वाचकांची असली तरी रोख बहुतेक एकाच काळावर आहे: साधारण १८१० ते १८५०. फोटो घराघरांत पोचण्याआधी न्यू इंग्लंड, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया अशा भागांत फिरते चित्रकार घरी येऊन कागदावर चेहरा उतरवून देत. तैलचित्रापेक्षा हे स्वस्त आणि झटपट होई. रूफस पोर्टर या फिरत्या चित्रकाराच्या जाहिरातीत रंगवलेला बाजूचा चेहरा दोन डॉलर, समोरचा तीन डॉलर असा दर होता. जुन्या चित्रांत एका बाजूने काढलेले चेहरे इतके का दिसतात, याचे निम्मे उत्तर त्या एका डॉलरात आहे.

प्रश्न : न्यू हॅम्पशायरमधल्या एका छोट्या लिलावात जलरंगातले जोडचित्र आहे. नवराबायको समोरासमोर, दोघेही बाजूने दिसणारे, मध्ये टेबल, खाली भडक नक्षीचा गालिचा, तळाशी दोघांची नावे आणि १८३६. आकार साधारण १० बाय १४ इंच. कॅटलॉगमध्ये ‘जोसेफ एच. डेव्हिस यांचे मानले जाते’ असे म्हटले आहे. अंदाज १,५०० ते २,५०० डॉलर. बोली लावण्याआधी काय तपासू?

उत्तर : तुम्ही केलेले वर्णन डेव्हिसच्या चित्राशी तंतोतंत जुळते, आणि अडचण तीच आहे. हा माणूस १८३२ ते १८३७ या पाचसहा वर्षांत न्यू हॅम्पशायर आणि मेनच्या सीमेलगतच्या गावांतून हिंडला. त्याच्या नावावर धरली जाणारी चित्रे दीडशेच्या घरात आहेत, पण सही अगदी थोड्यांवर. एका ठिकाणी त्याने स्वतःला ‘डावखुरा चित्रकार’ म्हणवून घेतले आहे. रंगवलेले टेबल, त्यावर टोपी नाहीतर बायबल, भिंतीवर पानाफुलांची माळ घातलेले चित्र, पायाशी मांजर, तळाशी वळणदार अक्षरांत नाव, वय, तारीख: साचा इतका ठळक की ओळखायला सोपा आणि नक्कल करायलाही सोपा. शिवाय डेव्हिसच्या चांगल्या स्थितीतल्या जोडचित्राला याहून बरीच जास्त किंमत येते. अंदाज कमी ठेवला आहे तो बोली वाढावी म्हणून, की लिलाववाल्यालाच खात्री नाही म्हणून, हे विचारून घ्या.

कॅटलॉगचे शब्द कायद्याच्या कागदासारखे वाचावेत. नुसते नाव दिले असेल तर लिलावगृह ते चित्र त्याचेच आहे असे सांगते. ‘यांचे मानले जाते’ म्हणजे कोणाच्या तरी मते त्याचे. ‘यांच्या वर्तुळातले’ म्हणजे त्या काळातल्या, त्या भागातल्या दुसऱ्या कोणाचे. ‘यांच्या धाटणीचे’ यात काळाचीही हमी नाही, आणि ‘यांच्यावरून’ म्हणजे नक्कल. ‘सही केलेले’ आणि ‘सही आढळते’ यांतही असाच फरक आहे. दुसऱ्या शब्दांत फक्त एवढेच कबूल केलेले असते, की कागदावर ते नाव लिहिलेले आहे. मोठी लिलावगृहे कर्त्याच्या नावाबद्दल ठरावीक मुदतीची, बहुधा पाच वर्षांची, हमी देतात. छोट्या लिलावात माल ‘जसा आहे तसा’ विकला जातो आणि हातोडा पडला की विषय संपतो.

आता चित्राकडे. चौकटीतून बाहेर काढलेल्या कागदाचे फोटो मागा: संपूर्ण पुढची बाजू, संपूर्ण पाठ, चारही कडा आणि तळाचा मजकूर जवळून. ‘चौकटीबाहेर काढून तपासलेले नाही’ असे उत्तर आले, तर बोलीही त्याच हिशेबाने लावा. प्रत्यक्ष पाहायला जाता येत असेल तर जाच. दहापट मोठे दाखवणारे भिंग, छोटा टॉर्च, ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च आणि मोजपट्टी एवढे खिशात मावते. चौकट मात्र स्वतः उघडू नका. तिथल्या माणसाला उघडायला सांगा.

आधी कागद उजेडासमोर धरायला लावा. समांतर बारीक रेघांची जाळी दिसली तर तो जुन्या पद्धतीच्या साच्यातला कागद. एकसारखा, विणलेल्या कापडासारखा दिसला तर तारेच्या विणीवर केलेला. १८३६ मध्ये दोन्ही मिळत, पण चित्रासाठी दुसरा जास्त वापरात होता. वॉटरमार्कमध्ये गिरणीचे नाव आणि कधी सालही सापडते. इंग्लंडच्या व्हॉटमन कागदावर ते असे. त्या सालाचा अर्थ ‘चित्र याआधीचे नाही’ एवढाच. १८३४ चे साल असलेल्या कागदावर १८३६ चे चित्र अगदी बरोबर; १८४० चे साल दिसले तर तळाच्या मजकुरावर विश्वास ठेवायचे कारण उरत नाही. त्या काळचा कागद चिंध्यांचा. अमेरिकेत लाकडाच्या लगद्याचा कागद १८६० च्या दशकाअखेर येऊ लागला, त्यामुळे आतून तपकिरी पडलेला, कडेला तुकडे पडणारा कागद १८३६ चा म्हणून दाखवला तर थांबा. अंधारात अतिनील टॉर्च मारल्यावर कागद निळसर पांढरा झगझगला तर त्यात उजाळा देणारी रसायने आहेत, आणि ती कागदात १९५० च्या सुमारास आली. झगझगला नाही, याने मात्र काहीच सिद्ध होत नाही. जुन्या हिशेबवह्यांची आणि पुस्तकांची कोरी पाने नकली चित्रांसाठी वापरली जातात. एका कडेला समान अंतरावर शिवणीची भोके दिसतात का ते म्हणूनच पाहावे.

आमच्या मते सगळ्यांत बोलका पुरावा घडीचा. जुना कागद कुठेतरी दुमडलेला, मुडपलेला असतोच. टॉर्च कागदाच्या पातळीला धरून तिरपा उजेड पाडा आणि घडीवर भिंग ठेवा. चित्र आधी आणि घडी नंतर असेल, तर घडीवर रंग तुटलेला दिसतो आणि भेगेतून कोरे, फिकट तंतू वर येतात. रंग भेगेत उतरून तंतूंनी तो शोषलेला दिसला, तर घडी आधीची आहे, रंग नंतरचा. तांबूस डागांचेही तसेच. डागावरून जाताना रंग भसकन पसरला असेल, तर डाग पडून कागदाची खळ, म्हणजे रंग पसरू न देणारा लेप, गेल्यानंतर कोणीतरी ब्रश फिरवला आहे. अशी जागा एखादीच असली तर ती नंतरची डागडुजी असू शकते. चित्रभर असेल तर कागद जुना आणि चित्र नवे.

शेवटी चित्रकाराचा हात ओळखायचा. डेव्हिसचे चेहरे पेन्सिलीच्या नेमक्या रेषेवर आणि अगदी पातळ रंगावर उभे असतात. त्याचा खरा जोर गालिच्यावर, टेबलाच्या रंगवलेल्या लाकडावर आणि अक्षरांवर. नक्कल करणाऱ्याला चेहरा सोडवत नाही. तो गाल गोल करतो, डोळ्यात चमक घालतो. तळाचा मजकूरही पाहा. जुनी लोहयुक्त शाई तपकिरी पडते आणि दाट जागी कागदाच्या पाठीवर उमटते. आजची तपकिरी शाई पाठीवर काहीच मागे ठेवत नाही.

प्रश्न : ‘जे. ए. डेव्हिस’ अशी सही असलेले छोटे जलरंग चित्र मिळते आहे. विक्रेता म्हणतो, हा तोच प्रसिद्ध डेव्हिस.

उत्तर : तो नव्हे, आणि ‘हा’सुद्धा नव्हे. जे. ए. डेव्हिस म्हणजे जेन अँथनी डेव्हिस (१८२१–१८५५). र्‍होड आयलंड आणि कनेटिकटच्या परिसरात काम करणारी ही बाई. कित्येक वर्षे संग्राहक तिला पुरुष धरून चालले होते. तिची चित्रे छोटी, बहुधा अर्ध्या अंगाची, चेहरा थोडा वळलेला. जोसेफ डेव्हिससारखी पूर्ण उंचीची माणसे आणि गालिचे तिथे नाहीत. तिच्या चित्रांना स्वतंत्र किंमत आहे, पण ती जोसेफच्या चित्रांच्या दराने घेऊ नये. विक्रेत्याला एवढा फरक माहीत नसेल, तर त्याच्या बाकीच्या माहितीलाही तेवढेच वजन द्या.

याच ओघात ‘लिस्टेड आर्टिस्ट’ या शब्दाबद्दल. कोणत्या तरी चित्रकार-कोशात नाव छापले आहे, यापलीकडे त्याला अर्थ नाही.

प्रश्न : पेनसिल्व्हेनियातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात १६ बाय २० इंचांचे एका गृहस्थाचे चित्र पाहिले. चिठ्ठीवर ‘अँटिक जलरंग, स्थानिक कलाकार’ असे लिहिले आहे. मागितले ३५० डॉलर. चेहरा फारच हुबेहूब आहे. छापील तर नसेल?

उत्तर : छापील नसेल, पण बहुधा जलरंग चित्रही नसेल. १६ बाय २० हे माप आणि ‘फारच हुबेहूब’ हे शब्द एकत्र आले की पहिली शंका मोठ्या केलेल्या फोटोची घ्यावी. १८६० च्या दशकापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत छोटा फोटो कागदावर फिकट मोठा करून त्यावर कोळसा, खडू किंवा जलरंग फिरवून देण्याचा धंदा देशभर चालत होता. त्या काळी याला ‘क्रेयॉन पोर्ट्रेट’ म्हणत. कागद बहुधा कापडावर चिकटवून लाकडी सांगाड्यावर ताणलेला असतो. डोळ्याच्या कडेला आणि कॉलरच्या सावलीत भिंग धरा: रंगाखाली रेषा नसलेली, मऊ, फोटोतली सावली दिसेल. जिथे रंग कमी आहे तिथे ती पिवळट तपकिरी पडलेली असते. गडद जागी तिरप्या उजेडात चंदेरी झाकही दिसू शकते. अशी चित्रे ढिगाने आहेत. माणूस कोण हे कळत नसेल, तर ३५० डॉलर फार झाले.

खऱ्या जलरंगाची खूण अशी की रंग कागदाच्या खळग्यांत साचतो आणि रंगाच्या प्रत्येक थराच्या कडेला, वाळताना, किंचित गडद किनार उमटते. चहाच्या कपाखाली उमटते तशीच. एका थरावर दुसरा थर आला की तिथे गडद पट्टी. काळ्या कपड्यांवर अरबी डिंकाचा लेप दिलेला असतो. तिरप्या उजेडात तो चकाकतो आणि जुना असल्यास बारीक तडकलेला दिसतो. छापील चित्रात यातले काही नसते. फुलासारखी मांडलेली रंगीत टिंबे म्हणजे हाफटोन, विखुरलेली अनियमित टिंबे म्हणजे शिळाछाप, आणि धुक्यासारखे फवारलेले अतिसूक्ष्म थेंब म्हणजे आजचा इंकजेट. हा शेवटचा प्रकार खडबडीत जलरंगाच्या कागदावर छापला की काचेमागून भल्याभल्यांना फसवतो. एक मधला प्रकारही आहे: काळी रेषा छापील आणि रंग हाताने भरलेला. न्यूयॉर्कच्या करियर आणि हार्टफर्डच्या केलॉग यांच्या छापखान्यांतून अशी मुलींची आणि स्त्रियांची चित्रे निघत, खाली नुसते पाळण्यातले नाव. भिंगाखाली रंग खरा दिसतो म्हणून माणूस फसतो. तपासायची असते ती रेषा.

प्रश्न : काचेतून चित्राचे रंग फार सौम्य, सुंदर वाटतात. विक्रेता म्हणतो, त्या काळची हीच पद्धत.

उत्तर : सौम्य रंग ही पद्धत क्वचित असते, बहुतेक वेळा तो विटलेला रंग असतो. मॅट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची खिडकी, उचलून तिच्याखाली दडलेली पाव इंचाची पट्टी पाहा. तिथे उजेड पोचलेला नसतो. पट्टीत गुलाबी आणि आत राखाडी, असा फरक दिसला की किती गेले ते तुमच्यासमोर मोजलेले आहे. किरमिजी सगळ्यांत आधी जातो, म्हणून गाल आणि ओठ पांढरे पडतात. झाडांचा हिरवा बहुधा पिवळा आणि निळा मिसळून केलेला. त्यातला पिवळा उडाला की पाने निळी दिसतात. नीळही उजेडात फिकी पडते. गाल काळे ठिपके आल्यासारखे झाले असतील तर गोष्ट वेगळी. तो शिशाचा सफेदा हवेतल्या गंधकाने काळवंडला आहे, आणि तेवढे एक जाणकाराला पुन्हा पांढरे करता येते. विटलेला रंग मात्र कोणालाही परत आणता येत नाही.

आमचे मत स्पष्ट आहे: नाव असलेल्या विटलेल्या चित्रापेक्षा, नाव नसलेले पण रंग जिवंत असलेले चित्र घ्यावे. जेकब मेंटेलची पेनसिल्व्हेनियातली जलरंग माणसे पिवळ्या-निळ्या कपड्यांनी उठून दिसतात. ते रंग गेले तर उरतो तो पेन्सिलीचा आराखडा आणि मोठे नाव.

प्रश्न : चित्राच्या पाठीवर मुलीचे नाव, ‘वय ९’ आणि १८३४ असे लिहिले आहे. मॅसॅच्युसेट्समधले चित्र. ते खरे आहे का, हे कसे तपासता येईल?

उत्तर : जनगणनेपासून सुरुवात करण्याची चूक बहुतेक जण करतात. अमेरिकेची जनगणना १७९० पासून आहे, पण १८४० पर्यंत तिच्यात फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत. बाकीचे सगळे वयोगटाच्या रकान्यातले आकडे. तुमची मुलगी १८३० मध्ये ‘पाच ते दहा वर्षांच्या मुली: १’ अशी असेल. १८५० मध्ये ती पंचवीस वर्षांची, बहुधा लग्न होऊन आडनाव बदललेली. म्हणून उलटे जा. मॅसॅच्युसेट्समधल्या बऱ्याच गावांच्या १८५० पर्यंतच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी पुस्तकरूपात छापलेल्या आहेत; त्यांत १८२४-२५ चा जन्म शोधा. मग विवाह, मग १८५० ची जनगणना, मग कबरीवरचा दगड. गावची हिस्टॉरिकल सोसायटी याबाबत विद्यापीठापेक्षा जास्त उपयोगी पडते.

नाव सापडले म्हणजे चित्र तिचेच असे मात्र नाही. पाठीवरचा मजकूर कित्येकदा नातवाने साठ वर्षांनी, ऐकीव माहितीवर लिहिलेला असतो. अक्षराचे वळण आणि लेखणी पाहा. बोरूच्या किंवा पिसाच्या शाईऐवजी पेन्सिल किंवा बॉलपेन असेल तर ती कुटुंबाची आठवण समजा, पुरावा नव्हे. त्यापेक्षा कपडे खरे बोलतात. खांद्याशी फुग्यासारख्या फुगलेल्या आणि मनगटाशी घट्ट बाह्या १८३० ते १८३६ च्या फॅशनच्या. त्यानंतर तो फुगा खाली घसरला. लहान मुलगेही पाचएक वर्षांचे होईपर्यंत झगे घालत, त्यामुळे झग्यावरून मुलगी ठरवू नका. केसांचा भांग पाहा: मध्ये असेल तर बहुधा मुलगी, बाजूला असेल तर मुलगा. बाहुली, चाबूक, हातोडी अशा हातातल्या वस्तूही मदत करतात.

चित्रकाराच्या बाजूने शोधायचे असेल तर स्मिथसोनियनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीकडे अमेरिकी व्यक्तिचित्रांची मोठी सूची आहे, आणि विल्यम्सबर्गच्या ॲबी ऑल्ड्रिच रॉकफेलर फोक आर्ट म्युझियमचा संग्रह याच प्रकारच्या कामांसाठी नावाजलेला आहे. संग्रहालये किंमत सांगत नाहीत. विचारून त्यांचा आणि आपला वेळ घालवू नये.

प्रश्न : १,८०० डॉलरला हातोडा पडला, तर खिशातून नेमके किती जातात?

उत्तर : प्रीमियम, म्हणजे बोलीच्या वर लिलावगृह खरेदीदाराकडून घेते ती रक्कम, २५ टक्के धरू: ४५० डॉलर. ऑनलाइन मंचावरून बोली लावली आणि मंचाचे ५ टक्के वर असतील, तर आणखी ९०. झाले २,३४०. माल मॅसॅच्युसेट्समध्ये येणार असेल, तर ६.२५ टक्के विक्रीकर म्हणजे १४६ डॉलर २५ सेंट. एकूण २,४८६ डॉलर २५ सेंट, आणि पॅकिंग-पाठवणी वेगळी. न्यू हॅम्पशायरमध्ये विक्रीकर नाही, पण माल कर असलेल्या राज्यात मागवलात तर तुमच्या राज्याचा कर लागतोच. मनातला वरचा आकडा २,५०० असेल, तर बोली १,८०० वर थांबते, आणि त्यातही पाठवणी बसत नाही. प्रीमियमचे टक्के प्रत्येक लिलावगृहाचे वेगळे. नियमांच्या पानावर ते असतात. काचेसह पोस्टाने मागवू नका. काच फुटली की तिचा पहिला तुकडा चेहऱ्यावरून फिरतो. चित्र चौकटीतून काढून, दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये सपाट पाठवायला सांगा. चौकट वेगळ्या खोक्यात येऊ द्या.

प्रश्न : जलरंगातले हस्तिदंतावरचे लघुचित्र न्यूयॉर्कचा विक्रेता पाठवायला तयार आहे. घ्यावे का?

उत्तर : विक्रेता इतक्या सहज तयार असेल तर त्याने कायदा वाचलेला नाही. ६ जुलै २०१६ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांप्रमाणे आफ्रिकी हत्तीच्या दंताची वस्तू एका राज्यातून दुसऱ्यात विकायची, तर ती सवलतीत बसते हे दाखवता आले पाहिजे. प्राचीन वस्तूंच्या सवलतीसाठी ती शंभर वर्षांहून जुनी हवी, २७ डिसेंबर १९७३ नंतर संरक्षित प्राण्याच्या कोणत्याही भागाने दुरुस्त केलेली नसावी, आणि ती अमेरिकेतच बनली किंवा नियमानुसार देशात आली याचा पुरावा हवा. पुराव्याची जबाबदारी सवलत मागणाऱ्यावर. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया यांचे स्वतःचे कायदे याहून कडक आहेत. कॅलिफोर्नियात जुन्या वस्तूत हस्तिदंत पाच टक्क्यांहून कमी हवे, न्यूयॉर्कमध्ये वीस टक्क्यांहून. लघुचित्रात हस्तिदंत हीच चित्राची पाटी, त्यामुळे ही सूट बसवणे अवघड. कागदपत्रे आधी, पैसे नंतर. आणि देशाबाहेर न्यायचे मनात असेल तर हा नाद सोडा.

तरीही तपासायचेच असेल तर: हस्तिदंताचा पातळ तुकडा उजेडात धरला की बारीक लांबट रेघा दिसतात, दमट-कोरड्या हवेत तो वाकतो आणि उभा तडकतो. काहीच रेघा नसलेला, एकसारखा पिवळट तुकडा सेल्युलॉइडचा, म्हणजे जुन्या प्लास्टिकचा, असू शकतो. पियानोच्या जुन्या पट्ट्यांची चौकट आणि आत नटव्या बाईचे चित्र हा प्रकार तर सरळ शोभेच्या बाजारातला. आणि कसलेही असो, त्यावरून ओले बोट फिरवू नका. रंग हस्तिदंतात मुरत नाही, नुसता वर बसलेला असतो. बोटाबरोबर गाल निघून येतो.

प्रश्न : घेतलेल्या चित्रावर तांबूस ठिपके आहेत आणि चेहऱ्यावरून दोन उभे तपकिरी पट्टे गेले आहेत. ओळखीचे फ्रेमवाले म्हणतात, ब्लीचच्या पाण्यात बुडवून स्वच्छ करून देतो, मग पुठ्ठ्यावर चिकटवून टाकू.

उत्तर : चित्र परत आणा, आजच. जलरंग पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाने धरलेला असतो. पाण्यात बुडवल्यावर डागाआधी चेहरा जाईल. ब्लीच कागदात उरते आणि पुढची कित्येक वर्षे तंतू खात राहते. पुठ्ठ्यावर चिकटवलेले चित्र पुढे सोडवणे म्हणजे कागदाची साल काढणे, शिवाय पाठीवरचा मजकूर, वॉटरमार्क, सगळा पुरावा त्यात बुजतो.

ते उभे पट्टे आले आहेत पाठीमागच्या लाकडी फळ्यांमधल्या फटीतून. जुन्या चौकटीत पाठीला पातळ फळ्या ठोकत. लाकडाचे आम्ल कागदात उतरते आणि फटीतून हवा-धूळ आत येते, त्यामुळे फळीची फट, कधी गाठसुद्धा, पुढच्या बाजूला उमटते. तांबूस ठिपके बुरशीचे किंवा कागदातल्या लोहकणांचे. पहिले काम फळ्या काढून घेण्याचे. टाकून मात्र देऊ नका; त्यांच्यावर चौकोनी कापीव खिळे, जुन्या चिठ्ठ्या, गावाचे नाव असू शकते. पाकिटात घालून, वर माहिती लिहून वेगळ्या ठेवा.

डाग काढण्याचे काम कागदाच्या संवर्धकाचे. तैलचित्राचा नको, कागदाचाच हवा. अमेरिकन इन्स्टिट्यूट फॉर कन्झर्व्हेशनच्या यादीत तुमच्या भागातली नावे मिळतील. मॅसॅच्युसेट्सच्या अँडोव्हरला नॉर्थईस्ट डॉक्युमेंट कन्झर्व्हेशन सेंटर आहे, फिलाडेल्फियातही असेच केंद्र आहे. संवर्धक आधी प्रत्येक रंगाच्या कोपऱ्यावर पाण्याचा सूक्ष्म थेंब ठेवून कोणता सुटतो ते पाहील. चित्र रूथ आणि सॅम्युएल शूट या जोडप्याच्या धाटणीचे असेल, तर त्यात जलरंगासोबत खडू, डिंक, कधी चिकटवलेला सोनेरी वर्खही असतो. तिथे ओल्या उपायाला जवळजवळ वावच नाही. काही डाग तसेच ठेवण्याचा सल्ला मिळाला तर तो मानावा. मागची बाजू न बिघडवता चेहरा वाचला, एवढे पुरे.

चौकटीत बसवताना फ्रेमवाल्याला लेखी द्या: शंभर टक्के सुती, आम्लरहित चार पदरी मॅट आणि तसाच मागचा पुठ्ठा, वरच्या कडेला जपानी कोझो कागदाच्या दोन बिजागऱ्या, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावलेल्या, कोणतीही चिकटपट्टी नाही, ‘आम्लरहित’ असे छापलेलीसुद्धा. खालची कडा मोकळी हवी, कारण हवेतल्या दमटपणाने कागद फुगतो, आखडतो आणि चारही बाजूंनी धरला तर लाटा येतात. काच चित्राला टेकू नये. मॅट नको असेल तर कडेला पट्टी घालून अंतर ठेवावे. पुढे अतिनील अडवणारे ॲक्रिलिक लावा, मात्र चित्रात खडू असेल तर काच, कारण घासलेल्या ॲक्रिलिकच्या विजेने खडूची भुकटी वर खेचली जाते. भिंत बाहेरची नको, शेकोटीवरची नको, न्हाणीघराला लागून नको. उजेड ५० लक्सच्या आत आणि वर्षातून तीनचार महिनेच. बाकीचे महिने पेटीत सपाट. जुनी चौकट फार आवडत असेल तर तिच्या आतल्या खाचेला आम्ल अडवणारी पट्टी लावून तीच वापरा. खाच उथळ निघाली, तर मागून लाकडी पट्टी जोडून खोली वाढवता येते. मूळ लाकूड कोरायला कोणालाही देऊ नका.